पाच-सहा जणांच्या लिमिट पोकरमध्ये ड्रॉ कसा खेळावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला इंदिरानगरातील एका घरात दर शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आम्ही चार ते सहा जण लिमिट होल्डेम खेळायला बसतो. चिप्सच्या जागी चिंचोके असतात आणि ते ठेवायला प्रत्येकापुढे स्टीलची एकेक वाटी असते. नवीन येणारा माणूस बहुधा तीन पत्तीवर वाढलेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन बैठकांत त्याचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात आणि त्यांतले निम्मे तरी ड्रॉविषयी, म्हणजे हवे ते पान आले तरच पुरा होणाऱ्या अर्धवट हाताविषयी, असतात. ते प्रश्न आणि त्यांची मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडतात : पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथे टर्न, पाचवे रिव्हर. फ्लॉपपासून शेवटी बोलणाऱ्याची जागा म्हणजे बटण, आणि त्याच्या पुढच्या दोघांनी पाने पाहण्याआधी भरायची रक्कम म्हणजे छोटा आणि मोठा ब्लाइंड. मधोमध जमलेली रक्कम म्हणजे पॉट. बेट म्हणजे रक्कम लावणे, रेज म्हणजे ती वाढवणे, कॉल म्हणजे तेवढीच भरणे आणि चेक म्हणजे काही न लावता पाळी पुढे देणे.

शॉर्ट-हँडेड लिमिट म्हणजे नेमके काय?

पूर्ण टेबलावर नऊ किंवा दहा खेळाडू असतात. सहा किंवा त्याहून कमी असले की त्या खेळाला शॉर्ट-हँडेड म्हणतात. लिमिटमध्ये बेटची रक्कम आधीच ठरलेली असते. आमच्याकडे ब्लाइंड १ आणि २ चिंचोक्यांचे आहेत. फ्लॉपपूर्वी आणि फ्लॉपवर बेट २ ची, टर्न आणि रिव्हरवर ४ ची, आणि प्रत्येक फेरीत एक बेट आणि तिच्यावर तीन रेज, एवढीच मर्यादा. पुढील सर्व हिशेब याच आकड्यांवर केलेले आहेत.

ठरलेल्या रकमेचा ड्रॉशी थेट संबंध आहे. नो-लिमिटमध्ये, म्हणजे बेटला मर्यादा नसलेल्या खेळात, समोरचा पॉटएवढी बेट लावून ड्रॉ धरून बसलेल्या खेळाडूचा भाव, म्हणजे मिळणारी आणि भरायची रक्कम यांचे प्रमाण, बिघडवू शकतो. लिमिटमध्ये त्याला तसे करता येत नाही, त्यामुळे चांगल्या ड्रॉला शेवटपर्यंत जाण्याचा भाव बहुतेक वेळा मिळतो. प्रश्न एवढाच उरतो की चांगला ड्रॉ कोणता, आणि तो नुसता धरून बसायचा की पुढे रेटायचा.

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो. पोकरमध्ये कलर मोठा कसा?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर न कळल्यामुळे स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) दाखवून पॉटकडे हात नेणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत. जो हात दुर्मीळ तो मोठा, एवढाच नियम दोन्हीकडे आहे. बावन्न पानांतून तीन पाने उचलली तर साधे सिक्वेन्स ७२० प्रकारे होतात आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स वरचढ ठरतो. पाच पानांत मात्र स्ट्रेट १०,२०० प्रकारे होतो आणि फ्लश, म्हणजे कलर, ५,१०८ प्रकारे, म्हणून पोकरमध्ये फ्लश वरचढ ठरतो. याचा ड्रॉशीही संबंध आहे. आपण स्ट्रेटची वाट पाहत असताना टेबलावर एकाच रंगाची दोन पाने असतील, तर आपल्याला हवे असलेले पान समोरच्याचा फ्लशही पुरा करू शकते.

माणसे कमी असली की ड्रॉची किंमत का बदलते?

नऊ जणांच्या टेबलावर एखाद्या डावात सहा जण दोन-दोन चिंचोके टाकून फ्लॉप पाहतात, पॉट १२ होतो, पहिला २ ची बेट लावतो, दोघे कॉल करतात आणि आपली पाळी येईपर्यंत १८ जमलेले असतात. २ टाकून १८ मिळण्याचा भाव म्हणजे नवास एक, आणि त्या भावात जवळजवळ कोणताही ड्रॉ चालतो. आमच्या टेबलावर असे क्वचितच घडते. बहुतेक डावांत एक जण रेज करतो, एक जण ब्लाइंडमधून कॉल करतो, आणि फ्लॉपला दोघेच उरतात. पॉट लहान असतो, आणि ड्रॉ लागला तरी पुढे पैसे देणारा एकच असतो.

हे नुकसान झाले. त्याची भरपाई दोन गोष्टींनी होते आणि नवखे खेळाडू नेमक्या त्याच विसरतात. पहिली म्हणजे समोर एकच माणूस असला की त्याच्याकडेही काही नसण्याची शक्यता मोठी असते. हातात जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले काही मिळण्याची शक्यता ३२.४ टक्केच असते, म्हणजे तीनपैकी दोन वेळा फ्लॉप त्याचाही चुकलेला असतो आणि रेज केली तर तो पाने टाकू शकतो. दुसरी गोष्ट अशी की मोठ्या पानांना स्वतःची किंमत येते. ड्रॉमध्ये एक्का असेल तर ड्रॉ न लागताही नुसता एक्का दाखवून पॉट मिळण्याचे प्रसंग दोघांच्या डावात खूपदा येतात. म्हणून शॉर्ट-हँडेड खेळात ड्रॉला दोन प्रश्न विचारावेत : हा लागला नाही तर माझ्याकडे काय उरते, आणि मी दाब दिला तर समोरचा पाने टाकेल का?

आउट्स आणि भाव यांचा हिशेब कसा करायचा?

आपला हात पुरा करणारी, अजून न दिसलेली पाने म्हणजे आउट्स. फ्लॉपवर न दिसलेली पाने ४७ असतात आणि टर्नवर ४६. फ्लश ड्रॉला ९ आउट्स असतात, म्हणजे फ्लॉपवर ३८ पाने आपल्या विरुद्ध आणि ९ आपल्या बाजूची. हा भाव ४.२२ ला १ झाला, आणि टर्नवर तो ४.११ ला १ होतो. दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटला ८ आउट्स, भाव फ्लॉपवर ४.८८ ला १ आणि टर्नवर ४.७५ ला १. मधले एकच पान हवे असलेल्या गटशॉटला ४ आउट्स, भाव १०.७५ ला १ आणि टर्नवर १०.५ ला १. हे सहा आकडे पाठ केले की बहुतेक काम होते.

आता प्रत्यक्ष डाव पाहू. बटणावरच्या खेळाडूने रेज करून ४ केले, छोट्या ब्लाइंडने १ सोडून पाने टाकली, आणि मोठ्या ब्लाइंडमधून आपण इस्पिकची नव्वी-अठ्ठी घेऊन कॉल केला. पॉट ९. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची तिर्री आणि चौकटची दुर्री आली. आपण चेक केले, त्याने २ ची बेट लावली. पॉट ११ झाला आणि आपल्याला २ भरायचे आहेत, म्हणजे भाव ५.५ ला १. गरज ४.२२ ची आहे, तेव्हा कॉल बिनधास्त बसतो.

कॉलनंतर पॉट १३. टर्नवर किल्वरची दश्शी आली, आपल्या उपयोगाची नाही. त्याने ४ ची बेट लावली. पॉट १७, भरायचे ४, भाव ४.२५ ला १, आणि गरज ४.११ ची. अगदी काठावर बसतो. ड्रॉ लागल्यावर रिव्हरला आणखी ४ मिळण्याची शक्यता धरली तर भाव ५.२५ ला १ होतो आणि शंका उरत नाही. याच पॉटमध्ये आपल्याकडे आठ आउट्सचा स्ट्रेट ड्रॉ असता तर ४.७५ ची गरज समोरच्या १७ मधून भागली नसती. रिव्हरचे ४ धरल्यावर भागते. समोरचा रिव्हरला पाने टाकणाऱ्यांतला असेल, तर ते ४ धरू नयेत.

मग गटशॉट?

त्याच पॉटमध्ये फ्लॉपवर भाव ५.५ ला १ मिळतो आणि गरज १०.७५ ची असते. टर्नवर पान लागले आणि पुढच्या दोन्ही फेऱ्यांत मिळून समोरच्याने ८ दिले असे उदारपणे धरले तरी ११ अधिक ८ म्हणजे १९, त्यास भरायचे २, भाव ९.५. भागत नाही. नुसता गटशॉट फ्लॉपवरच टाकावा. त्याच्या जोडीला टेबलावरील पानांपेक्षा मोठी दोन पाने असतील, तर तो हात गटशॉट म्हणून मोजूच नये. तो दहा आउट्सचा हात आहे, मोठ्या पानांच्या आउट्सना थोडा कट लावावा लागला तरी.

टक्के लक्षात ठेवायचे की भाव?

बरेच जण आउट्सना चारने गुणतात आणि रिव्हरपर्यंतची टक्केवारी काढतात. नऊ आउट्सना ३६ येतात, खरा आकडा ३५.० आहे, एवढी चूक चालते. पंधरा आउट्सना ६० येतात, खरा आकडा ५४.१ आहे, तेथे चूक मोठी होते. लिमिटमध्ये मात्र निर्णय फेरीगणिक घ्यायचा असतो आणि टर्नवर बेट दुप्पट होते, त्यामुळे मला एका पानाचा भावच सोयीचा वाटतो. चार ला एक म्हटले की वाटीतले चिंचोके डोळ्यांपुढे येतात, १९.६ टक्के म्हटले की येत नाहीत.

ड्रॉ लागलेला नसताना रेज का करायची? हे उधळपट्टीचे नाही का?

या प्रश्नाला मी स्वतः केलेल्या एका चुकीने उत्तर देतो.

आमच्या टेबलावर दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार येतात. ते आमच्यापैकी एकाचे सख्खे मामा, त्यामुळे सगळ्यांचेच मामा. गोडी छाटणीच्या दिवसांत त्यांना फुरसत नसते आणि इतर वेळी ते एकही शनिवार चुकवत नाहीत. त्या रात्री मामा बटणावर होते, त्यांनी रेज केली आणि मी मोठ्या ब्लाइंडमधून बदामचा एक्का आणि बदामची छक्की घेऊन कॉल केला. फ्लॉपवर बदामची राणी, बदामची नव्वी आणि किल्वरची चौकी आली. मी चेक केले, मामांनी बेट लावली, मी कॉल केला. टर्नवर इस्पिकची दुर्री, पुन्हा चेक, बेट, कॉल. रिव्हरवर किल्वरची सत्ती. दोघांनीही चेक केले. मामांनी दोन पंज्या उलटल्या आणि २१ चिंचोके दोन्ही तळव्यांनी आपल्याकडे ओढले. वर सहज म्हणाले, “फ्लॉपला तू वाढवून टर्नवर पुन्हा टाकलं असतंस ना, तर टाकल्या असत्या मी. राणी दिसत होती, नव्वी दिसत होती, पंज्या किती वेळ धरणार?”

घरी जाताना मी हिशेब केला. त्यांच्या दोन पंज्यांसमोर मला नऊ बदाम, तीन एक्के आणि तीन छक्क्या, अशी पंधरा पाने चालत होती. पंधरा आउट्सचा हात रिव्हरपर्यंत ५४.१ टक्के वेळा लागतो. त्यांची तिसरी पंजी येण्याची शक्यता वजा केली तरी फ्लॉपवर मी त्यांच्या मागे नव्हतो, उलट किंचित पुढेच होतो, आणि तरीही मी मागे असल्यासारखा खेळलो. फ्लॉपवर चेक-रेज (आधी चेक करून मग त्यांच्या बेटवर रेज) आणि टर्नवर बेट, एवढे केले असते तर दोन मार्गांनी जिंकता आले असते : पान लागून, किंवा मामांनी पाने टाकून. नुसत्या कॉलमध्ये पहिलाच मार्ग शिल्लक राहिला.

लागलेला नसताना, पण लागण्याची चांगली शक्यता असताना केलेल्या अशा बेटला किंवा रेजला सेमी-ब्लफ म्हणतात. तिचे गणित असे मांडता येते. आपण बटणावर आहोत, टर्नला पॉट १३ आहे, समोरच्याने चेक केले आहे आणि आपल्याकडे नऊ आउट्सचा फ्लश ड्रॉ आहे. आपणही चेक केले, तर १३ च्या १९.६ टक्के म्हणजे सरासरी सुमारे २.५ चिंचोके आपल्या वाट्याला येतात. आपण ४ ची बेट लावली आणि त्याने कॉल केला, तर पॉट २१ होतो, त्याचे १९.६ टक्के म्हणजे ४.१. आपण टाकलेले ४ जवळजवळ जसेच्या तसे परत येतात, नफा नाही आणि तोटाही नाही. त्याने पाने टाकली तर सगळे १३ आपले. दोन्ही मार्गांची तुलना केली, तर तो शंभरात एकोणीस वेळा किंवा त्याहून जास्त वेळा पाने टाकत असेल, तर बेट चेकपेक्षा सरस ठरते. पाचांत एकदा पाने टाकणारा माणूस तर प्रत्येक टेबलावर भेटतो.

या हिशेबात रिव्हरच्या बेट धरलेल्या नाहीत आणि टर्नवर चेक-रेज खाण्याचा धोकाही धरलेला नाही. जो खेळाडू टर्नवर मुद्दाम चेक करून वाढवतो, त्याच्यासमोर हा फायदा बराच आटतो.

आणि समोरचा कधीच पाने टाकत नसेल तर?

तर सेमी-ब्लफ बंद. आमच्या टेबलावर एक वहिनी आहेत, त्या कोणतीही जोडी, अगदी दुर्रीची असली तरी, रिव्हरपर्यंत नेतात. त्यांच्यासमोर ड्रॉ स्वस्तात पाहायचा, लागला की न लाजता प्रत्येक फेरीत बेट लावायची, आणि न लागल्यास चेक करून पाने द्यायची. त्यांच्याकडून रिव्हरचे ४ नक्की येणार हे माहीत असते, त्यामुळे वर सांगितलेला आठ आउट्सचा काठावरचा कॉल त्यांच्यासमोर निर्धास्तपणे करता येतो. पाने टाकणारा आणि न टाकणारा, दोघांसमोर एकच ड्रॉ दोन निरनिराळ्या पद्धतींनी खेळावा लागतो.

फुकट पान घेण्याची युक्ती शॉर्ट-हँडेडमध्ये चालते का?

युक्ती जुनी आहे. आपण बटणावर असताना समोरच्याने फ्लॉपवर २ ची बेट लावली की आपण रेज करून ४ करायचे, तो घाबरून टर्नवर चेक करतो, आणि ड्रॉ लागला नसेल तर आपणही चेक करून रिव्हर फुकट पाहायचा. दोन पाने ४ चिंचोक्यांत दिसली. नुसते कॉल केले असते तर २ आणि ४ मिळून ६ गेले असते.

कमी माणसांच्या टेबलावर ही युक्ती अर्धीच चालते. येथे लोक फ्लॉपवरच्या रेजवर सहज विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी पुन्हा रेज केली तर फ्लॉपलाच ६ जातात आणि टर्नला वर ४, म्हणजे ६ चे ४ करायला निघालो आणि घालवले १०. शिवाय टर्नवर आपण चेक केले की आपला हात उघडा पडतो, आणि पुढच्या वेळी तोच खेळाडू टर्नवर सरळ बेट लावतो. माझ्या मते दोघांच्या डावात फ्लॉपवर रेज केल्यावर बहुतेक वेळा टर्नवर बेट लावावीच. फुकट पान त्याच खेळाडूसमोर घ्यावे जो एकदा कॉल केल्यावर पाने टाकत नाही.

तीन-चार जण डावात असतील तर फ्लश ड्रॉवर रेज करावी का?

हो, आणि तेथे कारण वेगळे आहे. फ्लश ड्रॉ रिव्हरपर्यंत ३५ टक्के वेळा लागतो. तीन विरोधक असतील आणि तिघेही कॉल करणार असतील तर पॉटमध्ये जाणाऱ्या प्रत्येक चार चिंचोक्यांत आपला एक असतो, म्हणजे २५ टक्के, आणि जिंकण्याची शक्यता ३५. प्रत्येक रेजवर नफा आहे. दोन विरोधक असतील तर वाटा ३३.३ टक्के आणि फायदा अगदी नावापुरता. एकच विरोधक असेल तर निव्वळ पान लागण्याच्या जोरावर रेज परवडत नाही, तेथे त्याने पाने टाकण्याची शक्यता किंवा आपल्या मोठ्या पानांचा आधार लागतो. एक गोष्ट सांभाळावी : आपल्या रेजमुळे मागचे दोघे पळून जात असतील, तर ती रेज करू नये. बेट लावणारा आपल्या लगेच आधी बसलेला असेल तर कॉल करून मागच्यांना आत येऊ द्यावे, आणि तो आपल्या नंतर बसलेला असून बाकीच्यांनी कॉल केला असेल तर चेक-रेज करून सगळ्यांकडून दुप्पट वसूल करावे.

सगळे आउट्स पुरे मोजायचे का?

नाही. नवख्याचे सर्वाधिक चिंचोके येथेच जातात. स्ट्रेट ड्रॉ असताना टेबलावर एकाच रंगाची दोन पाने असतील तर आठपैकी दोन पाने त्या रंगाची असतात. समोर एकच खेळाडू असेल तर ती अर्धी मोजावीत, तीन-चार असतील तर सोडूनच द्यावीत. टेबलावर जोडी पडली असेल तर फ्लश लागूनही फुल हाउससमोर (तीन सारखी पाने आणि एक जोडी) हरता येते. हातातली दोन मोठी पाने म्हणजे सहा आउट्स असे पुस्तकी गणित सांगते, पण आपल्याकडे राजा-गुलाम आणि समोरच्याकडे एक्का-राजा असेल तर राजा लागून आपण अधिकच खड्ड्यात जातो. फ्लॉपपूर्वी जोरदार रेज करणाऱ्यासमोर मी अशा सहांचे साडेतीन-चार धरतो.

उलट, लहान फ्लशची भीती कमी माणसांत अवाजवी असते. आपल्याकडे दोन इस्पिक आणि टेबलावर तीन असताना एका विरोधकाकडे कोणतीही दोन पाने असू शकतात असे धरले, तर त्याच्याकडेही दोन इस्पिक असण्याची शक्यता २.८ टक्के निघते. लोक एका रंगाची पाने जास्त खेळतात म्हणून ती थोडी वाढवावी, तरीही दोघांच्या डावात सत्ती-छक्कीचा फ्लश लागल्यावर नुसता कॉल करत बसणे म्हणजे दारात आलेले परत पाठवणे आहे. नऊ जणांच्या टेबलावर, चार जण शेवटपर्यंत आलेले असताना, गोष्ट वेगळी.

एक्क्याचा फ्लश ड्रॉ आणि सत्ती-छक्कीचा फ्लश ड्रॉ यांत एवढा फरक का करता? आउट्स तर नऊच.

एक्क्याला तीन आउट्स वाढतात, नवाचे बारा होतात, आणि रिव्हरपर्यंतची शक्यता ३५ वरून ४५ टक्क्यांवर जाते. शिवाय समोरचाही ड्रॉवरच असेल आणि दोघांचेही चुकले, तर एक्का जिंकतो. सत्ती-छक्की चुकली की तिला जिंकण्याचा एकच मार्ग उरतो, ब्लफ. म्हणून एक्क्याचा ड्रॉ मी टर्नवर कॉल करूनही नेतो, रेज करूनही नेतो. लहान ड्रॉ मात्र दोघांच्या डावात समोरचा पाने टाकणारा असेल तर रेज करून खेळावा, आणि नसेल तर फक्त भाव पाहून.

रिव्हरवर ड्रॉ चुकला. आता?

पॉट २१ असताना ४ ची बेट लावली तर २१ मिळवण्यासाठी आपण ४ पणाला लावतो. शंभरात सोळा वेळा समोरच्याने पाने टाकली तरी बरोबरी होते. आकडा इतका लहान आहे की लोक प्रत्येक चुकलेल्या ड्रॉवर ब्लफ करू लागतात. दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे एक्का असेल तर ब्लफची गरज कमी असते, कारण आपल्यापेक्षा कमजोर हातच पाने टाकतील आणि त्यांना आपण चेक करूनही हरवतोच. उलट नव्वी-अठ्ठी चुकली असेल तर चेक करून जिंकण्याची आशा जवळजवळ शून्य असते, तेव्हा तोच हात ब्लफला योग्य. दुसरे, आधीच्या फेऱ्यांत आपण जोर दाखवला असेल तरच रिव्हरची बेट पटते. फ्लॉपवर कॉल, टर्नवर कॉल आणि रिव्हरला अचानक बेट, याला आमच्या टेबलावर पोरेही फसत नाहीत.

फ्लॉपपूर्वी ड्रॉची पाने कोणती घ्यावीत?

एकाच रंगाची लागोपाठची लहान पाने, म्हणजे सत्ती-छक्की किंवा छक्की-पंजी, नऊ जणांच्या टेबलावर पाच जण आत असताना जी कमाई करतात ती येथे करत नाहीत. पहिल्या जागेवरून ती टाकावीत. बटणावरून, सगळ्यांनी पाने टाकलेली असताना, ब्लाइंड जिंकण्यासाठी त्यांच्यावर रेज चालते. मोठ्या ब्लाइंडमध्ये असताना बटणाने रेज केली आणि छोट्याने पाने टाकली, तर ७ च्या पॉटमध्ये २ भरायचे असतात, भाव साडेतीनास एक, आणि त्या भावात ही पाने खेळावीत. छोट्या ब्लाइंडमधून त्याच रेजसमोर ३ भरावे लागतात, मागे मोठा ब्लाइंड अजून बोलायचा असतो आणि पुढच्या प्रत्येक फेरीत आपल्याला आधी बोलावे लागते. तेथे मी ती पाने टाकतो. राणी-दश्शी, राजा-गुलाम अशी एका रंगाची मोठी पाने मात्र कमी माणसांत वधारतात, कारण ड्रॉ नसला तरी ती जोडीनेही जिंकतात.

पहिल्यांदा डावात येताना नुसता कॉल करून आत शिरण्याची सवय सोडावी. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोघांच्या लिमिट होल्डेमचे जवळजवळ पूर्ण उत्तर काढले, त्यांचा सेफियस नावाचा संगणकीय खेळाडूही बटणावरून तसा कॉल क्वचितच करतो.

नाशिकमध्ये हे पैसे लावून खेळता येईल का?

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली आहे, आणि राज्यात जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा आहेच. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो, रात्र संपली की सगळे चिंचोके पुन्हा एका बरणीत जातात आणि हरलेला दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाऊ घालतो.

एकट्याने सराव कसा करावा?

पानांचा एक जोड घ्यावा. बदामचा एक्का आणि बदामची छक्की आपल्यापुढे ठेवावी, फ्लॉप म्हणून बदामची राणी, बदामची नव्वी आणि किल्वरची चौकी उघडी ठेवावी, उरलेली ४७ पाने पिसून दोन उलटावीत आणि फ्लश लागला की नाही ते वहीत लिहावे. मग पुन्हा पिसावे. पन्नास वेळा केल्यावर सरासरीने सतरा-अठरा वेळा फ्लश लागायला हवा. पन्नास हा आकडा किती लहान आहे ते याच वेळी कळते : माझ्या पहिल्या पन्नासांत फ्लश अकरा वेळा लागला होता, दुसऱ्या पन्नासांत तेवीस वेळा. अकरांच्या रात्री मी हाच ड्रॉ टेबलावर टाकायला लागलो असतो आणि तेवीसांच्या रात्री गटशॉटवरही कॉल केला असता.